पहिला भाग नव्व्याण्णव सेंटला : अमांडा हॉकिंग यांच्या ‘ट्रिल’ मालिकेचे प्रकरण

स्वतःची अद्भुतकथांची मालिका ई-बुक म्हणून काढू पाहणाऱ्या लेखकांशी बोलताना माझा अनुभव असा आहे, की पहिला प्रश्न जाहिरातीचा असतो. पुस्तक कुठे मिरवायचे, कोणाला पाठवायचे, पैसे किती घालायचे, हे विचारले जाते. दुसरा भाग लिहून झाला आहे का, हे मात्र मलाच विचारावे लागते. म्हणून मी प्रत्येकाला अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या अमांडा हॉकिंग यांचे प्रकरण सविस्तर सांगतो. ते जुने आहे, २०१० आणि २०११ या दोन वर्षांत घडलेले आहे आणि त्यातील आकडे विलक्षण आहेत. पण मला त्यातले आकडे महत्त्वाचे वाटत नाहीत. मालिकेच्या विक्रीत कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीला ओढून नेते, हे त्या प्रकरणात जितके उघडपणे दिसते, तितके नंतरच्या फार थोड्या प्रकरणांत दिसते.

हॉकिंग तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. ऑस्टिन नावाच्या लहानशा गावात त्या राहत आणि अपंग व्यक्तींच्या निवासगृहात काळजीवाहकाचे काम करीत. लहानपणापासून त्या लिहीत होत्या आणि २०१० उजाडेपर्यंत त्यांच्या संगणकात सुमारे सतरा कादंबऱ्या लिहून पडल्या होत्या. साहित्य-प्रतिनिधी आणि प्रकाशकांकडून वर्षानुवर्षे नकाराची पत्रे येत होती. त्या वर्षी शिकागोला जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांचे, म्हणजे ‘मपेट्स’चे, प्रदर्शन भरणार होते आणि ते पाहायला जाण्यासाठी त्यांना तीनशे डॉलर हवे होते. तेवढे पैसे उभे करावेत, या एका हेतूने त्यांनी १५ एप्रिल २०१० रोजी पिशाच्चकथेची एक कादंबरी ॲमेझॉनच्या किंडल या ई-बुकच्या दुकानात चढवली. हातातील पैशांची तंगी आणि संगणकातील सतरा कादंबऱ्या या दोन्ही गोष्टी पुढील सर्व घटनांच्या मुळाशी आहेत. त्यांतील दुसरीकडे लोकांचे लक्ष कमी जाते.

बाजाराची त्या वेळची स्थिती समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाचा अर्थ लागत नाही. किंडल हे वाचनयंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये आले होते. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड आला आणि त्याच सुमारास अमेरिकेतील सहापैकी पाच मोठ्या प्रकाशनसंस्थांनी ई-बुकची किंमत दुकानाने नव्हे तर आपण ठरवायची, अशी पद्धत सुरू केली. परिणामी नव्या पुस्तकांची ई-आवृत्ती सर्रास १२.९९ ते १४.९९ डॉलरला विकली जाऊ लागली. यंत्र विकत घेतलेला वाचक आता त्यावर वाचायला काहीतरी स्वस्त शोधत होता आणि मोठे प्रकाशक नेमके त्याच वेळी महाग झाले होते. ही पोकळी हॉकिंग यांनी निर्माण केली नव्हती, पण त्यांची पुस्तके त्या पोकळीत अगदी वेळेवर येऊन बसली.

सुरुवातीला पिशाच्चकथेच्या पहिल्या पुस्तकाच्या दिवसाला आठ-नऊ प्रती जात होत्या. मे महिन्यापर्यंत त्याच मालिकेतील आणखी दोन पुस्तके त्यांनी चढवली; ती आधीच लिहून तयार होती. त्या महिन्यात ६२४ प्रती विकल्या गेल्या. जूनमध्ये हा आकडा चार हजारांच्या पुढे गेला. जुलैमध्ये त्यांनी ‘स्विच्ड’ ही नवी कादंबरी आणली, जी त्यांनी आठवड्याहून जेमतेम थोड्या अधिक वेळात लिहिली होती आणि जी ‘ट्रिल’ या तीन भागांच्या मालिकेची सुरुवात होती. त्या महिन्याची निव्वळ कमाई सहा हजार डॉलरहून अधिक झाली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी नोकरी सोडली.

जून ते जुलै या उडीकडे मी नेहमी थांबून पाहतो, कारण या जागी बहुतेक लोक घाईने निष्कर्ष काढतात. नवी मालिका आली आणि कमाई वाढली, असे सरळ वाटते आणि ते खोटेही नाही. पण ३० जून २०१० रोजी आणखी एक गोष्ट घडली. त्या दिवसापासून ॲमेझॉनने २.९९ ते ९.९९ डॉलर या किमतीतील पुस्तकांवर लेखकाला सत्तर टक्के रॉयल्टी देण्यास सुरुवात केली. त्याआधी, आणि त्या पट्ट्याबाहेरच्या किमतींना त्यानंतरही, पस्तीस टक्केच मिळत. म्हणजे जूनमधील २.९९ डॉलरच्या प्रतीमागे लेखकाच्या हाती साधारण १.०५ डॉलर पडत होते, ते जुलैत २.०९ डॉलर झाले. पुस्तक तेच, वाचक तोच आणि मिळकत दुप्पट. यात मालिकेचे श्रेय किती आणि दराचे किती, हे वेगळे करता येत नाही. परंतु दराचा वाटा विसरून हे प्रकरण सांगणे योग्य नाही.

किमतीची रचना हा या प्रकरणाचा गाभा आहे. हॉकिंग मालिकेतील पहिले पुस्तक ९९ सेंटला ठेवीत आणि पुढची २.९९ डॉलरला. ९९ सेंटच्या पुस्तकावर पस्तीस टक्क्यांनी लेखकाला पस्तीस सेंटदेखील धड मिळत नाहीत. २.९९ च्या पुस्तकावर सत्तर टक्क्यांनी २.०९ डॉलर मिळतात. त्यातून फाइल पोहोचवण्याचे शुल्क, म्हणजे अमेरिकेत दर मेगाबाइटमागे पंधरा सेंट, वजा होते. चित्रे नसलेल्या कादंबरीची फाइल लहान असल्यामुळे ते नगण्य असते. एका पुढच्या भागाच्या विक्रीतून जे मिळते, तेवढे मिळवायला पहिल्या भागाच्या सहा प्रती विकाव्या लागतात.

उदाहरणादाखल असे धरू, की शंभर जणांनी पहिला भाग घेतला, त्यांपैकी चाळीस जण दुसऱ्याकडे वळले आणि तीस जण तिसऱ्यापर्यंत पोहोचले. पहिल्या भागातून पस्तीस डॉलर आले आणि पुढच्या सत्तर प्रतींतून १४६. दुसरा आणि तिसरा भाग तयारच नसते, तर त्याच शंभर वाचकांनी पस्तीस डॉलर देऊन निरोप घेतला असता आणि सहा महिन्यांनी दुसरा भाग आला तेव्हा त्यांतील किती जणांना नायिकेचे नाव तरी आठवले असते, हा प्रश्नच आहे. ९९ सेंटची किंमत हा केवळ स्वस्तपणा नव्हता. पहिले पुस्तक ही मालिकेची जाहिरात होती आणि तिचा खर्च वाचक स्वतःच भरत होता. जाहिरातीला तिच्यामागे विकायला माल लागतो. तो हॉकिंग यांच्याकडे भरलेला होता.

जानेवारी २०१२ मध्ये ब्रिटनमधील ‘द गार्डियन’ने दिलेल्या आकड्यांनुसार, वीस महिन्यांत हॉकिंग यांची सुमारे पंधरा लाख पुस्तके विकली गेली आणि त्यांतून पंचवीस लाख डॉलर मिळाले. भागाकार केला तर प्रतीमागे सुमारे १.६७ डॉलर येतात. हा आकडा पस्तीस सेंटपासून फार दूर आणि २.०९ डॉलरच्या बराच जवळ आहे. विक्रीचा भार स्वस्त पहिल्या भागांनी नव्हे तर पुढच्या भागांनी उचलला, हेच या सरासरीवरून दिसते.

गोष्टीचा घाटही त्याला साजेसा होता. ‘स्विच्ड’ची नायिका वेंडी हिला सहाव्या वाढदिवशी तिच्या आईने मारण्याचा प्रयत्न केला होता, कारण ही मुलगी आपली नव्हेच, अशी तिची खात्री होती, आणि आईचे म्हणणे खरे निघते. ही मुलगी पाळण्यात बदलून ठेवलेली असते आणि ती मूळची ट्रिल नावाच्या वेगळ्याच लोकांची असते. पाळण्यातली अदलाबदल ही कल्पना उत्तर युरोपच्या लोककथांत फार जुनी आहे. हॉकिंग यांनी ती आजच्या शाळकरी मुलीच्या आयुष्यात आणली आणि पहिल्या भागाअखेरीस नायिकेचा खरा प्रश्न अधिक बिकट केला. दुसरा भाग नोव्हेंबर २०१० मध्ये आला, तिसरा जानेवारी २०११ मध्ये. जुलैत पहिला भाग संपवलेल्या वाचकाला पुढच्यासाठी चार महिने आणि त्यानंतर शेवटासाठी दोनच महिने थांबावे लागले.

आता प्रसिद्धीविषयी. या काळात हॉकिंग यांनी विकत घेतलेली जाहिरात जवळजवळ नव्हतीच. त्यांनी स्वतःच नंतर लिहिले आहे, की जूनमध्ये त्यांना पुस्तकांवर नियमित लिहिणाऱ्या हौशी वाचकांचा, म्हणजे पुस्तक-ब्लॉगरांचा, शोध लागला आणि तिथून चित्र पालटले. ही बहुतेक मंडळी अद्भुतकथा आणि पिशाच्चकथा आवडीने वाचणारी होती. त्यांना वर्तमानपत्री समीक्षेशी देणेघेणे नव्हते आणि पुस्तक स्वप्रकाशित आहे म्हणून ते बाजूला सारण्याची सवयही नव्हती. हॉकिंग एकेकीला पत्र लिहून पुस्तक पाठवीत आणि परीक्षणाची विनंती करीत. या कामाला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. एका ब्लॉगवर परीक्षण आले, की त्याखालच्या चर्चेत दुसऱ्या ब्लॉगची वाचक असे आणि तीही पुस्तक मागत असे.

यात एक बारकावा आहे. परीक्षण वाचून वाचक दुकानाच्या पानावर आला, की तिथे त्याला तीन गोष्टी दिसतात : अंगठ्याच्या नखाएवढे मुखपृष्ठ, किंमत आणि फुकट वाचायला मिळणारा सुरुवातीचा मजकूर. पहिल्या प्रकरणात काही घडले नाही, तर परीक्षणाने केलेले काम तिथेच वाया जाते. ९९ सेंट ही किंमत अशी होती, की वाचक नमुना वाचून विचार करीत बसण्याऐवजी सरळ पुस्तकच घेई. आणि एकदा पुरेशा लोकांनी घेतले, की ‘हे पुस्तक घेणाऱ्यांनी हेही घेतले’ या दुकानाच्या ओळीत दुसरा-तिसरा भाग आपोआप दिसू लागे. मालिकेचे भाग एकमेकांना अशा रीतीने वर ढकलत राहतात. एकट्या कादंबरीला हा आधार नसतो.

मग नाताळ आला. त्या ऑगस्टमध्ये आलेले १३९ डॉलरचे नवे किंडल अमेरिकेत भेट म्हणून इतके दिले गेले, की ते आपल्या इतिहासात सर्वाधिक विकले गेलेले उत्पादन असल्याचे ॲमेझॉनने डिसेंबरअखेरीस जाहीर केले. जानेवारी २०११ मध्ये हातात नवे यंत्र घेतलेल्या लाखो लोकांसमोर एक पूर्ण झालेली, स्वस्त, आवडली गेलेली तीन भागांची मालिका उभी होती. त्या एका महिन्यात हॉकिंग यांच्या नऊ पुस्तकांच्या मिळून साडेचार लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, त्यांतील जवळपास सर्व ई-बुक होत्या. हा योग होता, हे मान्य केले पाहिजे. पण योग येईल तेव्हा तीनही भाग दुकानात असणे, हे योगावर अवलंबून नव्हते.

मला या प्रकरणाचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. मार्च २०११ मध्ये, म्हणजे यशाच्या शिखरावर असताना, हॉकिंग यांनी ‘वॉटरसाँग’ या पुढच्या चार भागांच्या मालिकेचे हक्क लिलावात न्यूयॉर्कच्या सेंट मार्टिन्स प्रेसला वीस लाख डॉलरहून अधिक रकमेला दिले. त्याच सुमारास थरारकादंबऱ्या लिहिणारे बॅरी आयस्लर यांनी त्याच प्रकाशनसंस्थेचा पाच लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारून स्वप्रकाशनाची वाट धरल्याचे जाहीर केले होते, त्यामुळे या दोन निर्णयांची खूप तुलना झाली. हॉकिंग यांनी पैशांसाठी माघार घेतली, असे काहींनी म्हटले. मला ते पटत नाही, कारण त्या वेळी त्यांची स्वतःची मिळकतच प्रचंड होती. त्यांनी दिलेले कारण साधे होते : मला लेखिका व्हायचे आहे, पत्रांना उत्तरे देणे, मुखपृष्ठे बसवणे आणि संपादक शोधणे यांत आठवड्याचे चाळीस तास घालवायचे नाहीत.

संपादनाचा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांच्या पुस्तकांत मुद्रणदोष आणि व्याकरणाच्या चुका आहेत, अशी तक्रार वाचक सतत करीत. त्यांनी पैसे देऊन संपादकांकडून काम करून घेतले, तरी चुका राहत गेल्या आणि या गोष्टीचा त्यांना फार त्रास झाला. आठवड्यात लिहिलेले पुस्तक महिन्याच्या आत दुकानात गेले, की हे अटळ असते. ज्या वेगामुळे वाचक मालिकेत टिकून राहिला, त्याच वेगाने भाषेची घडी विस्कटली. एका माणसाने लेखक, निर्माता, संपादक, हिशेबनीस आणि प्रसिद्धिप्रमुख अशी पाच कामे केली, तर त्यांतील एखादे काम कच्चे राहते, आणि जे कच्चे राहते ते बहुधा संपादनच असते. कारण ते झाले नाही तरी पुस्तक विकायला उभे राहू शकते. पुढे ‘ट्रिल’चे हक्कही सेंट मार्टिन्सने घेतले आणि जानेवारी २०१२ पासून ती मालिका पुन्हा, छापील स्वरूपातही, निघाली.

आज हे जसेच्या तसे करता येणार नाही. २०१० मध्ये हॉकिंग यांची पुस्तके किंडलबरोबर इतर दुकानांतही होती. डिसेंबर २०११ मध्ये ॲमेझॉनने ‘सिलेक्ट’ योजना आणली, जिच्यात नव्वद दिवस पुस्तकाची ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. २०१४ मध्ये महिन्याचे शुल्क भरून हवी तितकी पुस्तके वाचण्याची सोय आली आणि २०१५ पासून तिच्यात लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळू लागले. भारतातील विक्रीवर सत्तर टक्के रॉयल्टी हवी असेल, तर पुस्तक सिलेक्ट योजनेत असावेच लागते. ९९ सेंटच्या पुस्तकांची इतकी गर्दी झाली आहे, की नुसत्या कमी किमतीने आता कोणाचे लक्ष वेधले जात नाही. तरीही पाने मोजून पैसे मिळण्याच्या पद्धतीत लांब, एकमेकांना जोडलेली मालिका अधिकच लाभाची ठरते : वाचक पहिला भाग संपवून त्याच रात्री दुसरा उघडतो आणि त्यासाठी त्याला वेगळे पैसे देण्याचा विचारही करावा लागत नाही.

मराठीसाठी हा मार्ग डिसेंबर २०१६ मध्ये उघडला, जेव्हा किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांत पुस्तके प्रकाशित करता येऊ लागली. आपला वाचकवर्ग लहान आहे आणि नाताळच्या भेटीसारखी लाट इथे येणार नाही. पण मराठीत अद्भुतकथा मनापासून वाचणारे लोक आहेत. ते गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत, फेसबुकवरच्या वाचकसमूहांत आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळांत विखुरलेले आहेत. त्यांना एकेकाला लिहून पुस्तक पाठवणे, हे हॉकिंग यांनी जूनमध्ये केलेले काम आपल्यालाही करता येण्यासारखे आहे.

मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांनी दोन वर्षांपूर्वी मला त्यांच्या चार भागांच्या मालिकेचा पहिला भाग दाखवला. सह्याद्रीतल्या एका घाटवाटेखाली वसलेल्या, नकाशावर नसलेल्या राज्याची ती गोष्ट आहे आणि मी ती दोन बैठकींत वाचून काढली. हस्तलिखित जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेले होते. रूपांतर केल्यावर रफार कुठल्या कुठे गेले. ‘सूर्य’ होता तिथे ‘सूय’ उरला, ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्या’मधला ‘ऱ्या’ सगळीकडे तुटला, आणि जोडाक्षरांत मधेच पाय मोडलेली अक्षरे उभी राहिली. शोधा-आणि-बदला या सोयीने निम्मे दोष निघाले. उरलेले काढण्यासाठी त्यांची सून रोज संध्याकाळी एक प्रकरण मोठ्याने वाचते आणि गुरुजी समोर मूळ प्रत धरून बसतात. कानाला अडखळले, की तिथे पेन्सिलीची खूण होते. या वाचनात मुद्रणदोषांबरोबर दोन ठिकाणी कथेतल्याच विसंगती सापडल्या; उदाहरणार्थ, एका पात्राचा घोडा तिसऱ्या प्रकरणात पांढरा होता आणि अकराव्यात काळा.

त्यांना पहिला भाग गणेशचतुर्थीला बाजारात आणायचा होता. आम्ही हॉकिंग यांचे आकडे कागदावर मांडले, पहिल्या भागाची किंमत किती ठेवली तर दुसऱ्याच्या किती प्रती जायला हव्यात याचा हिशेब केला, आणि त्या कागदावर दुसऱ्या भागाची जागा रिकामी होती. गुरुजी बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. सध्या दुसऱ्या भागाची अठरा प्रकरणे पूर्ण झाली आहेत, तिसऱ्याचा आराखडा भिंतीवर चिकटवला आहे, आणि पहिला भाग, चुका काढून आणि मुखपृष्ठ बसवून, त्यांच्या संगणकात थांबला आहे.